नागपूरजवळ हॅमॉक बांधताना फांदी आडवी आली तर

नोव्हेंबर लागला, की आमच्याकडे दोन गोष्टी सुरू होतात. एक, शेतातल्या रोडग्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, पार्ट्या. दुसरी, हॅमॉकबद्दल, म्हणजे दोन झाडांना बांधून झोपायच्या कापडी झुल्याबद्दल, शुक्रवारी रात्री येणारे फोन: "दादा, हॅमॉक घेतला. उद्या टाकायचा म्हणतो. कुठं जाऊ?" मग शनिवारी संध्याकाळी, उजेड उतरता उतरता, त्याच पोराचा दुसरा फोन: "दोन झाडं एकदम मापात मिळाली, पण मधात एक फांदी येऊन राहिली. उडवून टाकू का?"

हा लेख त्या दुसऱ्या फोनसाठी आहे. थोडक्यात उत्तर "नको" असं आहे. पण नुसतं "नको" म्हटलं की माणूस फोन ठेवतो आणि कापतोच, हे मला स्वतःवरून माहीत आहे. म्हणून जरा सविस्तर.

कोंढाळीच्या अलीकडे, अमरावती रोडपासून आत, एका मित्राच्या मामांचं शेत आहे. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक मोह, एक आंबा आणि दोन-तीन ऐनाची झाडं. मी तेव्हा नवीन होतो आणि घडीची करवत त्याहून नवीन होती. करवत ही वस्तूच अशी, की खिशात असली की काम शोधते. मोह आणि आंबा यांच्यात हॅमॉक ताणला, वरून ताडपत्री टाकायला गेलो, तर मोहाची मनगटाएवढी फांदी मधात. पाच मिनिटांत खाली. फार सफाईनं केलं असं वाटून मी तिचा फोटोही काढला.

सकाळी मामांची आई चहा घेऊन आली. तिनं आधी फांदीकडं पाहिलं, मग हॅमॉककडं, मग माझ्याकडं. "कायले कापली बाप्पा? झुला दोन हात तिकडं सरकवला असता." बस, एवढंच. चहा दिला. चहा पिता पिता तिनं सांगितलं, की मोहफूल फांदीच्या टोकाशी झुबक्यानं येतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये त्या बाजूची जागा ती झाडून साफ ठेवते, कारण रात्रभर गळलेली फुलं पहाटे तिथूनच वेचायची असतात. मी कापलेली फांदी नेमकी त्या जागेवर होती. ती गेल्यावर मी हॅमॉक सोडला आणि आंबा तोच ठेवून दुसरं टोक ऐनाला बांधून पाहिलं. काहीच आडवं येत नव्हतं.

तेव्हापासून मी एकच धरून चालतो: कापायची गरज पडली, म्हणजे जागा चुकली. झाड हलत नाही. हॅमॉक हलतो. आता क्रमानं.

घरून निघायच्या आधी

करवत, कोयता, कुऱ्हाड घरी ठेवा. पहिल्या पाच-सहा खेपांना तर नक्कीच. त्याऐवजी दोन रुंद पट्टे, जुन्या साडीच्या चार-पाच लांब चिंध्या, दोन गोणपाटाचे तुकडे आणि डोक्याला लावायचा टॉर्च घ्या. चिंध्या कशाला, ते पुढे येईल.

मग जागा. पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, बोर, मानसिंगदेव या संरक्षित जंगलांची नावं काढून नवी मंडळी विचारतात, "तिथं टाकता येईल का?" नाही. वन विभागानं ठरवून दिलेल्या मुक्कामाच्या जागा सोडून तिथं रात्र काढता येत नाही. वाघ-बिबट-अस्वलाच्या जंगलात कापडाच्या झोळीत झोपणं यात शौर्य कमी आणि अडाणीपणा जास्त आहे. शिवाय राखीव वनात भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ लागू होतं. त्यात झाड तोडण्याबरोबरच फांद्या छाटणं, बुंध्याची साल गोलाकार काढणं, साल किंवा पानं ओरबाडणं हेही गुन्ह्यात धरलं आहे. म्हणजे "फक्त एक डहाळी" ही सबब कायद्यातच बाद आहे.

शहरात, म्हणजे अंबाझरी, फुटाळा, महापालिकेच्या बागा, तिथं वेगळा कायदा: १९७५ चा, नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा. त्यात झाड तोडणं याचा अर्थ बुंध्यातून आडवं पाडणं एवढाच नाही. इतर प्रकारे इजा करणंही त्यात मोडतं. सराव करायला बागेत दुपारी तासभर हॅमॉक टाकायचा असेल, तर माळीदादांना विचारून टाका. बहुतेकदा ते जागाही दाखवतात.

तर नवख्या माणसासाठी राहतं ओळखीतलं शेत, किंवा मालक रात्र काढू देतो अशी खासगी जागा. इथंही एक गोष्ट ध्यानात ठेवा. आंबा, मोह, साग, चिंच अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला शेतकऱ्यालाही परवानगी काढावी लागते, १९६४ च्या कायद्यानं. ज्याच्या मालकीचं झाड आहे, त्याचाही हात इतका मोकळा नाही. आपण तर एका रात्रीचे पाहुणे.

परवानगी मागताना "झोपायला येऊ का" एवढंच विचारू नका. "कोणत्या झाडाला बांधू, कोणत्याला नको" हेही विचारा. शेतकऱ्याकडं या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. हे झाड बहिणीच्या वाट्याचं, त्याच्या ढोलीत साप आहे, त्या चिंचेखाली मुंजा आहे. मुंजावर तुमचा विश्वास असो-नसो, त्या चिंचेला बांधू नका.

उजेड असताना दोन झाडं

सूर्य मावळायच्या निदान दीड तास आधी पोहोचा. बहुतेक फांद्या अंधाराच्या घाईत कापल्या जातात. उजेड असला की माणूस शोधतो. अंधार पडला की जे समोर आहे त्याला आपल्या मापाचं करायला बघतो.

दोन झाडांमधलं अंतर साधारण १२ ते १५ फूट. घेर निदान अडीच वीत. पट्टा जिथं बांधणार तिथं खोडाभोवती वीत लावून बघा, अडीचच्या आत आटोपलं तर ते झाड अजून लहान आहे. ते तुमच्या वजनानं वाकेल, मुळांपाशी हलेल.

मग मान वर. आधी वर पाहायचं, मग खाली. वर काय पाहायचं? वाळकी, अडकून राहिलेली फांदी आहे का. आग्या मोहोळ आहे का. घरटं किंवा ढोली आहे का. आग्या मोहोळ असेल तर हळू बोला आणि दुसरीकडं चला. त्या झाडाला धक्का नको, त्याच्याखाली चूलही नको. खाली काय पाहायचं? वारूळ, मुंग्यांची रांग, आणि झुल्याखाली येणारी रोपटी. नवखा माणूस फांदीबद्दल निदान फोन करून विचारतो. झुल्याखालची वीतभर उंचीची सागाची, ऐनाची, तेंदूची रोपं मात्र तो बुटानं दाबून "जागा साफ" करतो आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. माझ्या हिशेबी फांदीपेक्षा ते वाईट. फांदीमागं अख्खं झाड तरी शिल्लक असतं.

आता आपल्याकडची झाडं. हा भाग जरा लांबेल, कारण कोणत्या झाडाला बांधायचं हे कळलं की कापायचा प्रश्न बराचसा मिटतो.

आंबा, जुना असला तर उत्तम. साल जाड, खोड स्थिर. पण फांद्या खालून फुटतात, त्यामुळे आडवं येणारं बरंच काही असतं. जानेवारी-फेब्रुवारीत मोहोर असताना आंब्यापासून लांबच राहा. फांदी नुसती हलवली तरी मोहोर गळतो, आणि तो शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत गळतो.

कडुनिंब चांगला. चिंच तर लोखंड. ऐन मला सगळ्यात आवडतो. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटीची, जाड. जंगलातल्या आगीतूनही आतलं लाकूड वाचवणारी ही साल आहे, रुंद पट्ट्याचं तिला काही वाटत नाही. खोड सरळ आणि खालच्या फांद्या कमी.

साग सरळ वाढतो म्हणून सगळ्यांना मोह होतो, पण त्याची साल पातळ आणि तंतूंची. पट्टा घसरला की सालीचे दोरे निघतात. बांधायचाच तर खाली गोणपाट. अर्जुन नदी-नाल्याकाठी मिळतो, देखणा असतो, पण त्याची गुळगुळीत पांढुरकी साल खपल्यांनी सुटते. सालईची कागदासारखी सुटते आणि जखम झाली की डिंक येतो. या दोघांना मी बांधत नाही. काटेसावर आणि बाभूळ स्वतःच तुम्हाला बांधू देत नाहीत. शेवगा आणि गुलमोहर ठिसूळ, विचारच नको. पळस वाकडा-तिकडा, शिवाय बहुतेकदा लहान.

मोहाला बांधायला हरकत नाही, पण फेब्रुवारी ते एप्रिल नाही. त्या काळात ते झाड कुणाच्या तरी घरच्या मिळकतीचं असतं. जंगलालगत असेल तर अस्वलालाही त्या फुलांची चटक असते. मोहाखाली झोपून मध्यरात्री अस्वलाशी ओळख करून घेणं टाळलेलं बरं.

आणि संत्रा. काटोल-नरखेडकडं पाहुणे म्हणून गेलेली मंडळी संत्र्याच्या बागेत हॅमॉकचा फोटो काढायचं स्वप्न पाहतात. संत्र्याचं खोड हॅमॉकसाठी नसतं. त्याला डिंक्या नावाचा रोग होतो, बुंध्याला इजा झाली की तो लागायला वाट मिळते, म्हणून शेतकरी बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावून ठेवतो. ती निळसर-पांढरी पुटं तुम्ही पट्ट्यानं घासून काढणार? बागेतली कोणती फांदी कधी छाटायची, याचं शेतकऱ्याचं बहाराप्रमाणे गणित ठरलेलं असतं. त्यात आपण हात घालायचा नाही. फोटो धुऱ्यावरच्या आंब्याखालीही चांगला येतो.

फांदी आडवी आली. आता?

इथं घाई करायची नाही. खाली दिलेल्या गोष्टी याच क्रमानं करून बघा.

सर्वात आधी पट्टा खोडाभोवती फिरवा. झाडाच्या पोटावर बांधलेला पट्टा थोडा बगलेकडं घेतला, तर हॅमॉकची रेघ हातभर सरकते. बऱ्याचदा तेवढ्यानंच फांदी बाजूला राहते.

मग उंची बदला. नवखी मंडळी हॅमॉक खाटेसारखा ताठ बांधतात. इथंच गोची होते. ताठ बांधलेला हॅमॉक उंचावर राहतो, त्यामुळे डोक्याजवळच्या सगळ्या फांद्या आडव्या येतात. ढिला बांधला की मधला भाग खाली बसतो आणि त्याच फांदीखालून तो सहज जातो. बसल्यावर बूड खुर्चीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून दीड फुटावर आलं पाहिजे.

ढिला म्हणजे किती? पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशाचा कोन करेल इतका. मोजायला सोपी युक्ती आहे. तर्जनी आडवी धरा, अंगठा सरळ वर. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढा. ती रेघ साधारण ३० अंशाची. पट्टा त्या रेघेला समांतर दिसला की झालं. हा कोन फांदीसाठी आहे तसाच सालीसाठीही आहे. ७० किलोचा माणूस ३० अंशाच्या झुल्यात झोपला तर प्रत्येक पट्ट्यावर साधारण ७० किलोचा ताण येतो. कोन १० अंश केला तर तोच ताण २०० किलोंच्या घरात जातो, आणि ५ अंशांवर ४०० किलोंच्या. माणूस तोच, झाड तेच, फक्त बांधायची हौस ताठ. पाठीलाही ढिलाच बरा. त्यात थोडं तिरकं झोपलं की अंग सरळ राहतं.

उंचीनंही भागलं नाही तर एक टोक सोडा आणि तिसरं झाड शोधा. दोन झाडं "एकदम मापात" मिळाली म्हणून जीव अडकतो, ते समजतं. पण मापात मिळाली असती, तर फांदी आडवी आली असती का?

फांदी हॅमॉकच्या नाही तर ताडपत्रीच्या आड येत असेल, तर स्वतःला विचारा, ताडपत्री हवीच का? नोव्हेंबर ते फेब्रुवारीत नागपूरकडं बहुतेक रात्री कोरड्या असतात. दव पडतं, पण दाट झाडाखाली ते कमी लागतं. खरी अडचण वरून नाही, खालून येते. हॅमॉकमध्ये पाठ गारठते, कारण अंगाखाली दबलेल्या रजईत हवा उरत नाही. खाली फोमची चटई किंवा जाड चादर हवी. ताडपत्री लागतच असेल तर चौकोनी बांधण्याऐवजी कोपऱ्यावर, पतंगासारखी बांधा. मधल्या दोरीजवळच्या फांद्या टाळता येतात.

एवढं करूनही एखादी बोटभर जाडीची, लवचीक डहाळी तोंडावर येत असेल, तर साडीची चिंधी काढा. डहाळीला सैल फास घाला आणि ती जितकी सहज वाकते तितकीच बाजूला ओढून त्याच झाडाच्या दुसऱ्या फांदीला बांधा. करकर आवाज आला तर लगेच सोडा. दोरी, तार, प्लास्टिकची पट्टी नको, ती सालीत रुतते. कळ्या, मोहोर, फळं असतील तर हेही नको. सकाळी सोडायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो. महिन्याभरानं परत गेलो तर चिंधी तिथंच, आणि डहाळी तशीच वाकडी, जणू मला दाखवायला थांबलेली.

कापलं तर झाडाचं नेमकं काय होतं

"फांदी पुन्हा फुटतेच की" हे मी दर वेळी ऐकतो. फुटते, पण जखम भरत नाही. माणसाच्या कातडीसारखं झाडाचं नसतं. खराब झालेलं लाकूड झाड दुरुस्त करत नाही, ते त्याच्याभोवती आतून भिंती घालून ते बंद करून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. अ‍ॅलेक्स शायगो नावाच्या अमेरिकी वनशास्त्रज्ञानं हजारो झाडं उभी चिरून हे दाखवून दिलं. बोटाएवढी जखम बाहेरून लवकर मिटते. मनगटाहून जाड फांदी गेली तर कडेनं येणारी नवी साल मधे मिळायला वर्षं लागतात. तोवर तिथून पाणी आणि बुरशी आत जाते. जुन्या झाडांच्या कितीतरी ढोल्या अशाच सुरू झालेल्या असतात.

फांदी बुंध्याला जिथं जुळते तिथं बारकाईनं पाहिलं तर थोडा फुगवटा, सुरकुतलेली कॉलर दिसते. भिंत घालायचं काम तिथं चालतं. हौशी माणूस "चकाचक दिसावं" म्हणून बुंध्याला लागून कापतो, तेव्हा तो नेमकी ही कॉलरच उडवतो. माझी मोहाची फांदी अशीच चकाचक होती.

साल तर याहून नाजूक प्रकरण. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडं येतं, आणि त्याच्या लगेच आत, कागदाइतक्या पातळ थरात, झाडाची जाडी वाढते. खोडाभोवती सगळीकडून साल कापली गेली तर मुळं उपाशी राहून झाड मरतं, वर पानं काही काळ हिरवी दिसत असली तरी. म्हणूनच बारीक सुतळीनं किंवा नायलॉनच्या दोरीनं हॅमॉक बांधणं मला फांदी कापण्याइतकंच खटकतं. पट्टा निदान एक इंच रुंद हवा, पातळ सालीच्या झाडाला दोन इंच. पॉलिएस्टरचा घ्या, नायलॉनचा ओला झाला की ताणतो आणि रात्रभर सालीवर घासत खाली सरकतो. अमेरिकेत काही उद्यानांमध्ये रुंद पट्ट्याशिवाय झाडाला हॅमॉक बांधूच देत नाहीत. आपल्याकडं असा नियम लावणारा कोणी उभा नसतो, त्यामुळे तो आपणच आपल्याला लावायचा.

वाळकी फांदी

"पण ती वाळलेली आहे" हा पुढचा मुद्दा. आधी ती खरंच वाळलेली आहे का ते बघा. आपली जंगलं पानगळीची. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग, सालई, पळस सगळे खराटे झालेले असतात आणि ठणठणीत जिवंत असतात. पळस तर पान नसतानाच फुलतो. डहाळीची साल नखानं किंचित खरवडा. आत हिरवट ओल दिसली तर ती जिवंत आहे, नख बाजूला घ्या. तपकिरी, कोरडी आणि कटकन मोडणारी असेल तरच मेलेली.

मेलेली म्हणून बिनकामाची, असंही नाही. तांबट पक्षी मऊ पडलेल्या वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक पाडून घर करतो. सुतार पक्षी तसंच. त्यांनी सोडलेल्या भोकांत पोपट-साळुंक्या येतात, आणि मोठ्या ढोल्यांत पिंगळा बसतो. फांदीला गोल भोक दिसलं की ते घर कुणाचं आहे समजा, आणि आपलं बिऱ्हाड हलवा.

जमिनीवर पडलेल्या काटक्या बाजूला सरकवा, सकाळी परत पसरा. तोंडाशी येणारी, हातानं सहज मोडणारी मेलेली काडी मोडली तर मी काही म्हणणार नाही. पण डोक्यावर लटकलेली जड वाळकी फांदी "पाडून टाकू" म्हणून दोरी टाकून ओढू नका. ती कुठं पडेल हे तिलाही माहीत नसतं. अशा झाडाखाली झोपायचंच नाही. आणि संपूर्ण वाळलेलं उभं झाड दिसायला कितीही मजबूत असो, त्याला हॅमॉक कधीच नाही. त्याची मुळं आधी कुजतात.

मालकच म्हणाला, कापा, तर?

हे होतं. काका म्हणतात, "त्या फांदीचा मलेही तरासच आहे, ट्रॅक्टरले लागते, टाका कापून." इथं मला दोन गोष्टी वाटतात. एक, मालकाला खरंच नको आहे की पाहुण्याचा मान राखायला तो म्हणतोय, हे ओळखा. विदर्भात पाहुण्याला नाही म्हणणं जड जातं. "तुम्ही नेहमी छाटता तेव्हाच छाटा, आज माझ्यासाठी नको" असं म्हणून बघा. त्याला खरंच त्रास असेल तर तो स्वतःच कुऱ्हाड आणेल. दुसरं, कापायचंच ठरलं तर दिवसा, त्याच्यासमोर, आणि नीट.

नीट म्हणजे तीन कापांत. बुंध्यापासून हातभर लांब, फांदीच्या खालच्या बाजूनं एक तृतीयांश खोल खाच घ्या. मग त्या खाचेच्या थोडं पुढे, टोकाच्या बाजूला, वरून कापा. फांदी आपल्या वजनानं मोडून पडेल, पण खालच्या खाचेमुळे बुंध्याची साल सोलून नेणार नाही. उरलेला ठोंब कॉलरच्या जरा बाहेर, कॉलर शाबूत ठेवून कापा. करवत स्वच्छ आणि धारदार. पावसाळ्यात नको, ओल्या जखमेवर बुरशी लवकर बसते. वर रंग, डांबर, शेण काही फासायला नको, त्यानं कुज थांबत नाही. बागाईतदार आपल्या फळझाडांना औषधी लेप लावतो ते त्याचं शास्त्र आहे, त्यात सल्ले देऊ नका. पडलेली फांदी शेतकऱ्याची. चुलीला लागते, कुंपणाला लागते. ती तुमच्या शेकोटीत जाणार नाही.

शेकोटीवरून आठवलं. रोडगे करायचे तर गोवऱ्या घरून न्या किंवा शेतकऱ्याकडून विकत घ्या. गोवरीच्या निखाऱ्याची चव लाकडाला येत नाही, हे कोणताही वऱ्हाडी माणूस सांगेल. चूल झाडापासून लांब, उघड्या जमिनीवर, कारण फांदीइतकंच मूळही भाजतं. १५ फेब्रुवारीनंतर, वणव्याचा हंगाम सुरू झाला की जंगलालगतच्या शेतात मी चूल पेटवतच नाही. तेव्हा सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, आणि दही घरून डब्यात.

सकाळी

उठल्यावर आधी चिंध्या सोडा. मग पट्टे. पट्टा ओढून काढू नका, सैल करून उलगडा. ओढला की रात्रभर न निघालेली साल सकाळी निघते. पट्टा होता तिथं बोट फिरवून बघा. नुसता दबल्याचा ठसा असेल तर तो जातो. ओल दिसली, साल सुटलेली दिसली, तर पुढच्या वेळी त्या झाडाला बांधू नका आणि पट्टा रुंद घ्या. पट्ट्याला लागलेला डिंक आणि मुंग्या तिथंच झटका. घरी आल्यावर पट्टे धुऊन उन्हात वाळवा, म्हणजे एका शेतातली बुरशी दुसऱ्या शेतात जाणार नाही.

आणि निघताना मालकाला सांगून निघा. मामांच्या त्या शेतात मी अजून जातो. ऐन आणि आंब्याच्या मधली जागा आता माझी ठरलेली आहे. मोहाच्या बुंध्यावरचा तो काप अजून पूर्ण मिटलेला नाही. कडेनं नवी साल आली आहे, मधे अजून कोरडं लाकूड दिसतं. आजी मात्र दर वेळी चहा देताना विचारतेच, "करवत आणली का रे?"